विश्लेषण : ‘ओपन सोर्स’मध्ये डॉक्युमेंटेशन हे खरेच सोपे काम आहे?

ओपन सोर्स प्रकल्पातील योगदान हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या रेझ्युमेतील मोलाचा रकाना झाला आहे. ‘कोड जमत नसेल तर डॉक्युमेंटेशनपासून सुरुवात करा,’ असा सल्ला त्यांना सर्रास दिला जातो. सल्ला योग्यच आहे. पण त्याचा अर्थ ‘पाच मिनिटांत उरकणारे काम’ असा घेतला, की प्रकल्पाला मदतीऐवजी मनस्तापच होतो.

डॉक्युमेंटेशन म्हणजे काय?
सॉफ्टवेअर इन्स्टॉल कसे करायचे, एखादे फंक्शन कोणती माहिती घेते, एरर आल्यास काय तपासायचे, नव्या आवृत्तीत काय बदलले, याची लेखी नोंद म्हणजे डॉक्युमेंटेशन. प्रकल्प उघडताच दिसणारी ‘रीडमी’ फाइल हे त्याचे पहिले पान. कोड कितीही उत्तम असला, तरी तो कसा वापरायचा हेच कळले नाही तर वापरणारा दुसरीकडे वळतो.

उणीव किती मोठी?
गिटहबच्या 2017 च्या ओपन सोर्स सर्वेक्षणात 93 टक्के सहभागींनी अपुरे किंवा जुने डॉक्युमेंटेशन ही समस्या असल्याचे सांगितले. त्याच वेळी 60 टक्के योगदानकर्ते त्यासाठी क्वचितच लिहितात किंवा लिहीतच नाहीत, असेही दिसले. म्हणजे तक्रार साऱ्यांची, पण काम मोजक्यांच्या अंगावर.

मग गोंधळ कुठे झाला?
‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यासाठी रीडमीत एखादा निरर्थक शब्द घालून पाठवलेल्या विनंत्यांचा पूर आला. अखेर संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम ठेवावा लागला. 2024 मध्ये ‘एक्सप्रेस’ या प्रकल्पातही तेच घडले. गिट शिकवणाऱ्या एका व्हिडिओचे अनुकरण करत अनेकांनी रीडमीत स्वतःचे नाव जोडून विनंत्या धाडल्या. त्या तपासून बंद करणारी माणसे बहुधा स्वयंसेवक असतात. त्यांचा तेवढा वेळ खऱ्या दुरुस्तीतून वजा होतो.

चांगले योगदान कसे असते?
इथे नवखेपणा हीच जमेची बाजू ठरते. जुन्या डेव्हलपरला पायऱ्या पाठ असतात, त्यामुळे गाळलेली पायरी त्याला दिसत नाही. नवख्याने कोऱ्या मशीनवर सूचना शब्दशः पाळाव्यात आणि गाडी जिथे अडते ते टिपावे. ती अडचण आधीच कोणी नोंदवली आहे का ते पाहावे, प्रकल्पाची योगदान नियमावली वाचावी. एका विनंतीत एकच बदल असावा आणि त्यातील प्रत्येक कमांड स्वतः चालवून पाहिलेली असावी. एआयकडून मजकूर लिहून घेतला, तरी ही शेवटची अट सुटत नाही. न तपासलेली सूचना नसलेल्या सूचनेपेक्षा वाईट, कारण ती वाचणाऱ्याला आत्मविश्वासाने चुकीच्या वाटेला लावते.

बदल कोणी करायचा?
सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. मात्र, महाविद्यालये आणि भरती करणाऱ्या कंपन्या विनंत्यांची संख्या मोजत राहतील, तोवर विद्यार्थी संख्याच वाढवतील. मुलाखतीत ‘किती पाठवल्या?’ऐवजी ‘तुमच्या बदलाने कोणाची अडचण सुटली?’ असे विचारले, तर रीडमीत नाव जोडणाऱ्याकडे उत्तर नसेल. गाळलेली एक पायरी शोधून लिहिणाऱ्याकडे मात्र ते नक्की असेल.