कुमारांचं कपाट कुठे आहे?

मा. संचालक,
ग्रंथालय संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई



1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. अशाच एका वाचनालयासाठी मी पुस्तकं निवडते. आमच्याकडे बालविभाग आहे, मोठ्यांचा विभाग आहे. तेरा-चौदा वर्षांचा वाचक आला की त्याला कुठे पाठवायचं, हे मात्र कळत नाही. त्याच्या वाट्याला बहुधा थोरांची चरित्रं येतात, नाहीतर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं.

मराठीत या वयासाठी काही नाही, असं कुणी म्हणू नये. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, चांगला चार पुस्तकांतून भेटणारा. मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे. ती वाचून मुलं हमखास विचारतात, आणीबाणी म्हणजे काय? त्या क्षणी आणीबाणीवरचं सोपं, खरं पुस्तक शेजारीच हवं. नारळीकरांची 'यक्षांची देणगी' नेणाऱ्याच्या हाती त्यांचंच 'आकाशाशी जडले नाते' द्यावं. माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मधली वानरांची टोळी आवडली, तर पुढे चितमपल्लींचं जंगल आहेच. कथा एका खोलीत आणि माहिती दुसऱ्या खोलीत, अशी विभागणी मुलांच्या डोक्यात नसते. ती आपल्या कपाटांत असते.

दया पवारांचं 'बलुतं' या वयात नको, असं पालक सांगतात. मला ते पटत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जात वर्गात आणि मैदानावर केव्हाच भेटलेली असते. दया पवार वाचताना निदान तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. पुस्तक देणाऱ्याने मात्र ते आधी स्वतः वाचलेलं असावं आणि नंतर मुलांशी बोलायला वेळ काढावा.

एक उणीव मला फार सलते. फास्टर फेणे, लंपन, 'शाळा'तला मुकुंद, सगळे मुलगे. सातवी-आठवीतल्या मुली ही पुस्तकं आवडीने वाचतात, पण धाडस करणारी, चुकणारी, स्वतःच्या मनाने चालणारी मुलगी त्यांना मराठी कादंबरीत शोधावी लागते. संचालनालयाने अशा लेखनाची मागणी केली, तर प्रकाशक नक्कीच लक्ष देतील.

मार्च जवळ आला की जास्त सवलतीचे संच घेऊन खर्च उरकला जातो. एकाच साच्यातली चरित्रं कपाट भरतात आणि वर्षानुवर्षं उघडलीही जात नाहीत. म्हणून विनंती अशी, की ग्रंथखरेदीत तेरा ते सतरा वयोगटासाठी वेगळा हिस्सा ठरवून द्यावा. त्यात कादंबरी, विज्ञान, इतिहास, आत्मकथन, प्रवास, चांगले अनुवाद, सगळं असावं. निवडीच्या बैठकीत याच वयाचे दोन-तीन वाचक बसवावेत आणि त्यांना पुस्तकं आधी घरी नेऊन वाचू द्यावीत. अशी पहिली बैठक आमच्या वाचनालयात घ्यायला आम्ही तयार आहोत. दिवस आपण सांगा, मात्र परीक्षेचा नको.

आपली,
एक ग्रंथालय कार्यकर्ती