सातशे बासष्ट वळणांचा हिशेब

मैत्रिणींनो, या सदरातून मी तुम्हाला नेहमी घरातला हिशेब सांगते. वाणसामान एकदम भरावे की महिन्यातून दोनदा, गॅस कसा पुरवावा, जुन्या साड्यांच्या गोधड्या कशा शिवाव्यात. आजचा हिशेब मात्र घराबाहेरचा आहे, थेट थायलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांतला. आणि आधीच कबूल करते, तो माझा चुकलेला हिशेब आहे.

त्याचे असे झाले. माझी नणंद बँकॉकला असते. तिच्या बाळंतपणासाठी सासूबाई तिकडे गेल्या होत्या. पन्नास दिवस त्यांनी बाळाला न्हाऊमाखू घातले, डिंकाचे लाडू वळले आणि आठव्या मजल्यावरच्या गॅलरीतून बँकॉक पाहिले. त्यांना परत आणायला मी जाणार हे ठरल्यावर मनात आले, तिकिटाचा खर्च होतोच आहे, तर आठ दिवस आणखी राहून दोघींनी काहीतरी बघून यावे. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस रजा जोडली. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. आमच्यासारख्यांना रजा म्हणजे सरळ पगारातून कात्री. तेव्हा शिकवणीचे साठवलेले पैसे काढले आणि मनाशी ठरवले, टॅक्सी नाही, विमान नाही, सहल कंपनी नाही. तिथली साधी माणसे जशी जातात तसे जायचे.

बँकॉकहून चिआंग माईला रात्रीची रेल्वे आहे, 751 किलोमीटर. जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या गाड्या जुन्या हुआ लाम्फाँग स्टेशनातून न सुटता बांग सूच्या नव्या मोठ्या स्टेशनातून सुटतात, एवढे लक्षात ठेवा. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात रेल्वेचा माणूस स्वतः येऊन बाक उघडतो, गादी-चादर घालून पडदा लावून देतो. खालचा बर्थ वरच्यापेक्षा थोडा महाग असतो. सासूबाईंसाठी खालचा घेतला आणि इतके केल्यावर आपण त्यांची फार काळजी घेतली असे मला वाटले. सकाळी गाडी खुन तानच्या बोगद्यातून गेली. सव्वा किलोमीटरहून लांब असलेला हा बोगदा 1918 साली पुरा झाला. बाहेर पडलो तर दोन्ही अंगांना हिरवेगार डोंगर. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घाटासारखंच आहे गं!" मला कोण आनंद झाला.

आणि इथेच माझी चूक झाली. माझा कागदावरचा बेत असा होता : गाडीतून उतरायचे, तशीच मोटार पकडून पाईला जायचे, म्हणजे चिआंग माईचे एका रात्रीचे भाडे वाचेल. दुसऱ्या दिवशी माए हाँग सॉन, तिसऱ्या दिवशी परत. म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेला चिआंग माईत हजर. त्या पौर्णिमेला तिथे पाण्यात दिवे सोडतात, मोठा सण असतो, जागा मिळत नाही, म्हणून खोलीला 800 बाट आगाऊ भरून ठेवले होते. (हिशेबाला सोपे जावे म्हणून मी 1 बाट म्हणजे 3 रुपये धरत होते.)

चिआंग माईत लाल रंगाची साँगथॅव धावते. साँग म्हणजे दोन, थॅव म्हणजे रांग. मागे समोरासमोर दोन बाक बसवलेली ही छोटी गाडी, आपली वडाप म्हणा ना! तिने मोटारतळावर गेलो. पाईची छोटी मोटार लगेच सुटणार होती, पण पुढच्या जागा भरलेल्या. खिडकीवरची मुलगी खुणेने सांगत होती, तासाभराने दुसरी आहे, तिच्यात पुढची जागा मिळेल. मी घड्याळ पाहिले आणि मागच्याच दोन जागा घेतल्या.

चिआंग माई ते पाई हा रस्ता सुमारे 135 किलोमीटर आणि त्यात 762 वळणे आहेत. ही वळणे मी मोजलेली नाहीत. पाईत ती संख्या छापलेले सदरे विकायला असतात! या 1095 क्रमांकाच्या रस्त्याच्या बाजूने दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ब्रह्मदेशाकडे वाट काढायला घेतली होती. पहिली शंभर वळणे आम्ही कौतुकाने पाहिली. मग सासूबाई बोलेनाशा झाल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "बरं वाटत नाही का?" विचारले तर मान हलवून "ठीक आहे" म्हणाल्या. थोड्या वेळाने पाहते तो पदराखाली पिशवी धरून त्या मुकाट्याने ओकत होत्या, कुणाला आवाज जाऊ नये म्हणून.

तेव्हा मला कळले की त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. आदल्या रात्री आठला दोन घास खाल्ले त्यावर त्यांच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हते. मला सांगितलेही नव्हते.

अर्ध्या वाटेवर गाडी चहापाण्याला थांबते. तिथे त्यांना बाकावर बसवले. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "तुझे पैसे वाया गेले गं माझ्यापायी." मी म्हटले, "आई, उपास होता तर स्टेशनावरच केळी घेतली असती. पुढच्या गाडीने आलो असतो." तर म्हणतात, "तू घड्याळ बघत होतीस. रजेचे पैसे कापतात तुझे. म्हटलं, एक दिवस तरी वाचेल."

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला जी लाज वाटली, ती काय सांगू! मी बाट मोजत होते, आणि त्या माझे मोजणे बघून स्वतःचे हाल मोजत नव्हत्या.

आमच्याच गाडीत पुढे बसलेली, भाजीच्या करंड्या घेऊन निघालेली एक बाई होती. भाषा ना तिला आमची, ना आम्हाला तिची. तिने सासूबाईंना हाताला धरून उठवले आणि चालकाशेजारच्या स्वतःच्या जागेवर बसवले. आपण मागे येऊन बसली. बोटाएवढी एक नळी त्यांच्या नाकाशी धरली. आत पुदिन्याच्या अर्कासारखा, कापरासारखा उग्र वास. याला तिथे 'या दोम' म्हणतात आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. त्यांना ती "खुन याय" म्हणत होती. याय म्हणजे आजी, आईची आई. सासूबाईंना ते "आई"च ऐकू आले. पुढची वळणे त्यांनी लांब डोंगराकडे नजर लावून पार केली.

पाईला पोचल्यावर मी माझा बेताचा कागद फाडला. 800 बाट बुडाले तर बुडाले. पाईत दोन रात्री राहिलो. संध्याकाळी रस्त्यावर बाजार भरतो. तिथे निखाऱ्यावर भाजलेली रताळी आणि केळी मिळाली, सासूबाईंनी त्याच्यावर एकादशी पार पाडली. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे चिकट भाताने. उत्तरेत हा भात रात्रभर भिजवून वाफेवर शिजवतात, बांबूच्या छोट्या टोपलीत देतात आणि हाताने गोळी करून खातात. वर मी आणलेले मेतकूट! "चमचा नको नि काटा नको, झकास आहे," असा शेरा मिळाला.

शाकाहारी बायकांनी एक खूण लक्षात ठेवावी. पिवळ्या कापडावर लाल अक्षर असलेली पताका दुकानावर दिसली की तिथे 'जे' जेवण मिळते. त्यात मांस-मासळी, अंडी, दूध तर नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही, अगदी आपल्या चातुर्मासासारखे. लहान गावांत असे दुकान नसते. तिथे "माई साइ नाम प्ला, खा" म्हणावे, म्हणजे माशाचा रस घालू नका. हा रस साध्या भाजीतही घालतात, म्हणून हे आठवणीने सांगावे लागते. शेवटचा 'खा' खाण्याचा नव्हे, बायकांच्या तोंडचा अदबीचा शब्द आहे. मला तर शब्दांची गंमतच वाटत राहिली. जेवणाला आहान, म्हणजे आपला आहार. शिक्षकाला ख्रू, म्हणजे गुरू. आणि नदीला माए नाम, शब्दशः आई-पाणी. "मग आपण कृष्णामाई म्हणतो ते काय वेगळं?" सासूबाई म्हणाल्या.

त्रयोदशीला पुढे निघालो, पण या वेळी पुढच्या जागा आदल्या दिवशी काढून, पोटात थोडे कोरडे खाऊन, आल्याची वडी तोंडात धरून. तरीही एका दमात गेलो नाही. निम्म्या वाटेवरच्या सोप्पोंगला उतरून मुक्काम केला. डोंगरातले लहानसे गाव. बाजारात लिसू, लाहू, शान बायका भाजी, आले, भोपळे घेऊन बसलेल्या. याच डोंगरांत एके काळी अफू पिकत असे. 1969 साली राजे भूमिबोल यांनी राजप्रकल्प सुरू केला आणि अफूच्या जागी हळूहळू भाजीपाला, फळे, कॉफी आली. सासूबाई एका म्हातारीच्या शेजारी पायरीवर तासभर बसल्या. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि निवडत होत्या एकच घेवडा.

माए हाँग सॉनला चतुर्दशीला पोचलो. गावाच्या मधोमध तळे, त्याच्या काठी शान-ब्रह्मी धाटणीची दोन जुळी देवळे, वाट चाँग खाम आणि वाट चाँग क्लांग. जवळच गळ्यात पितळेची कडी घालणाऱ्या कायान बायकांची वस्ती आहे. ही ब्रह्मदेशातून परागंदा होऊन आलेली माणसे. आत जायला पैसे देऊन तिकीट काढावे लागते. सासूबाई म्हणाल्या, "बायकांना बघायला कसलं तिकीट काढायचं? नको." गेलो नाही.

आणि पौर्णिमा? ती तिथेच साजरी झाली. खानावळीची मालकीण दुपारी केळीच्या खुंटाच्या चकत्या आणि पाने घेऊन बसली होती. चकतीभोवती पानाच्या घड्या घालून फुले, उदबत्ती, मेणबत्ती खोचायची. याला 'क्राथाँग' म्हणतात. सासूबाई न बोलता शेजारी बसल्या. द्रोण-पत्रावळी लावण्यात गेलेला हात! मालकीणबाई त्यांच्या घड्या बघून इतरांना बोलावून दाखवू लागली. रात्री तळ्यावर आमचा दिवा सोडला. गावी नदीत सोडायच्या तसाच, तेच चांदणे. "तुझ्या सासऱ्यांच्या माघारी पहिल्यांदा सोडला," एवढेच त्या म्हणाल्या. नऊ वर्षे झाली होती. मला माहीत नव्हते.

आता हिशेब. नणंदेच्या दारातून निघून परत येईपर्यंत, दोघींचा मिळून : रेल्वे जाऊन-येऊन 4000 बाट, डोंगरातल्या मोटारी 1300, सहा रात्रींच्या खोल्या 3000, खाणेपिणे 2400, साँगथॅव आणि किरकोळ 500, बुडालेले आगाऊ पैसे 800. एकूण 12000 बाट, म्हणजे माझ्या हिशेबाने 36000 रुपये. या 800 चे मला मुळीच वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते मागच्या जागेचे, जी घेताना माझा एक तास वाचला.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते जानेवारी हवा उत्तम, पण डोंगरात रात्री शाल हवीच. फेब्रुवारी ते एप्रिल शेते-राने जाळल्याचा धूर कोंडतो, दमेकऱ्यांनी तेव्हा जाऊ नये. 1 मे 2025 पासून थायलंडच्या आगमनाचा अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत संगणकावर भरावा लागतो. तो फुकट असतो, पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी नव्याने बघा. वडीलधारी बरोबर असतील तर गाडी लागण्यावरचे औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच न्यावे. आणि दोन दिवसांच्या रस्त्याला चार दिवस धरावेत.

काटकसर कुठे करायची हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. कुठे करायची नाही, हे मला त्या वळणांवर कळले. बरोबरच्या माणसाला आपले मोजणे दिसत असते, बरे का. आणि आपल्या घरातल्या बायका "ठीक आहे" म्हणतात तेव्हा घड्याळ खाली ठेवून एकदा नीट विचारावे.

ती 'या दोम'ची नळी आता सासूबाईंच्या देवघरात, अष्टगंधाच्या डबीशेजारी असते. परवा मला विचारत होत्या, "त्या खुन तानच्या बोगद्यापलीकडे आणखी काय आहे गं?" शिकवणीचे पैसे मी पुन्हा साठवायला लागले आहे.