साक्षीदार आणि गुन्हेगार

न्यायशास्त्र शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास आरंभींच सांगतात कीं, धूर दिसला म्हणजे अग्नि आहे असें म्हणावें. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणूं नये. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. हा दृष्टांत पोथींतच ठेवला तर व्यर्थ. दारची मोटार अडली असतां आठवला तर चार पैसे वांचतात, आणि प्रसंगीं जीवही.

हल्लीं पुष्कळ घरीं आपोआप गिअर बदलणारी गाडी आली आहे. तिच्या दांड्यापाशीं पी, आर, एन, डी अशीं अक्षरें असतात : पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागें, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढें. दांडा कोणत्या जागीं आहे ही वार्ता देणारा एक लहानसा स्विच बहुधा गिअरबॉक्सच्या अंगास बसविलेला असतो. तो स्वतः गिअर बदलीत नाहीं. केवळ साक्ष देतो. ‘दांडा पी किंवा एनवर आहे’ अशी साक्ष मिळाल्यावांचून स्टार्टरकडे वीज जात नाहीं. हेतु इतकाच कीं, गिअरांत असलेली गाडी किल्ली फिरवितांच उडी घेऊं नये. अमेरिकेंत ही व्यवस्था १९६८ पासून कायद्यानें सक्तीची आहे.

आमच्या वरसे गांवाजवळच रोहा स्टेशन आहे. कोंकण रेल्वेचा आरंभ तेथूनच होतो. रेल्वेंतही सांधा नीट बसल्याची खूण विजेच्या मार्गानें मिळाल्याशिवाय सिग्नल उतरत नाहीं. खूण मिळाली नाहीं, तर सांधाच मोडला असें जाणता मनुष्य लगेच ठरवीत नाहीं. सांधा, खूण देणारें यंत्र आणि तारा हे सर्व तपासतो.

घरच्या गाडीविषयीं मात्र हा विवेक सुटतो. गेल्या पावसाळ्यांत गांवांतील एका स्नेह्यांची गाडी अंगणांत अडून बसली. घरांत सून दिवस भरलेली; रात्रीं केव्हां निघावें लागेल याचा नेम नाहीं. ‘गाडी सुरू होत नाहीं, अर्थात् बॅटरी गेली’ असा निर्णय होऊन नवी बॅटरी आली. गाडी सुरू झाली नाहीं. मग स्टार्टर उतरविला. तोही निर्दोष निघाला. शेवटीं आढळलें कीं, स्विचच्या जोडणींत पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या. असल्या अनुमानास नैयायिक सव्यभिचार हेतु म्हणतात. कारण गाडी सुरू न होणें हें बॅटरी उत्तम असतांही घडूं शकतें.

तर तपास कसा करावा? प्रथम पाय ब्रेकवर घट्ट ठेवावा, हातब्रेक ओढावा आणि गाडीच्या पुढें-मागें कोणी नाहीं हें पाहावें. ब्रेकचे लाल दिवे लागतात ना, तेंही दुसऱ्याकडून बाजूस उभें राहून पाहवून घ्यावें. कारण ब्रेकची खूण न मिळाल्यासही पुष्कळ गाड्या सुरू होत नाहींत. मग गाडीच्या आंतील दिवा लावून किल्ली फिरवावी. दिवा एकदम मंदावला, किंवा नुसती टकटक ऐकूं आली, तर संशय प्रथम बॅटरीवर व तिच्या जोडांवर घ्यावा. दिवा तसाच तेजस्वी राहिला आणि आवाज मुळींच नाहीं, तर बॅटरीस सोडून पुढें चालावें.

येथें अन्वय-व्यतिरेक कामास येतो. दांडा पीवरून एनवर आणून पुन्हां किल्ली फिरवावी. एनवर सुरू होते आणि पीवर होत नाहीं, किंवा दांडा जागच्या जागीं किंचित् हलवून धरल्यास होते, तर बॅटरी व स्टार्टर दोघेही सुटले. आतां दोष स्विचचा, त्याच्या वायरींचा, किंवा दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलचा. समोरचें अक्षर दांड्याशीं जुळत नसेल, आरवर मागचे पांढरे दिवे लागत नसतील, तर हा संशय अधिक दृढ होतो. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी नांवाची जी जात आपल्याकडे रुळली, तींत पी नसतें. तेथें परीक्षा एनवरच करावयाची.

गॅरेजमधील यंत्र अशा वेळीं बहुधा ‘पी ०७०५’ असा संकेत दाखवितें. तो पाहून तत्काळ नवा स्विच मागविणें ही पुन्हां तीच घाई होय. संकेत एवढेंच सांगतो कीं, या विजेच्या मार्गांत कोठें तरी दोष आहे. म्हणून मेकॅनिकास सांगावें कीं, बाबा, आधीं जोडणी उघडून पाणी व गंज पाहा. मल्टीमीटर लावून पी व एन या जागीं स्टार्टरचा मार्ग जुळतो आणि इतरत्र तुटतो ना तें पाहा. केबल सैल झाली आहे काय, स्विच जागचा सरकला आहे काय, तेंही पाहा. एवढें करून स्विचच दोषी ठरला, तर खुशाल बदल.

एक गोष्ट मात्र कदापि करूं देऊं नये. ‘दोन वायरी परस्पर जोडून देतों, गाडी सुरू होईल’ असें सांगणारे भेटतात. सुरू होईल हें खरें. पण ती डीवर असतांही सुरू होईल. आपल्या अंगणांत पापड वाळत असतात, आजोबा खुर्ची टाकून बसलेले असतात, आणि पोरें गाडीआडच लपंडाव खेळतात. निकड असेल तर शेजाऱ्यांचें वाहन मागावें, आजाऱ्यासाठीं १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. साक्षीदार अडखळतो म्हणून त्याच्या नांवानें भलत्यानेंच ‘सर्व ठीक आहे’ अशी साक्ष द्यावी, हा न्याय नव्हे. आणि त्या खोट्या साक्षीची शिक्षा भोगतें तें बहुधा घरांतील सर्वांत लहान मूल.