गुणांत सवलत आहे, विषयात नाही



दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांतून पेढे वाटले जातात. ते वाटले जावेत हेच योग्य होय. ज्या घरातील आजोबांना सही ऐवजी अंगठा उठवावा लागे, त्या घरातील नात शालान्त परीक्षा उत्तीर्ण होते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पेढे वाटून झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच घरातून एक अर्ज भरला जातो, आणि त्या अर्जाकडे निकालाच्या शतांशानेही कोणाचे लक्ष नसते. तो अर्ज म्हणजे अकरावीच्या प्रवेशाचा. शाखा अर्जात ठरते. विषय कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीपाशी ठरतात. त्या खिडकीपाशी दहा मिनिटांत जे ठरते त्याने पुढील दहा वर्षे बांधली जातात, म्हणून आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. एका कारखान्यात कामाला आहेत. बरोबर मुलगी होती आणि हातात कागदपत्रांची जाड फाईल. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सारे व्यवस्थित लावलेले. मुलीने अकरावीला विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतले होते. गणित घेतले नव्हते. प्रवेशाच्या वेळी खिडकीतील माणसाने सांगितले होते, “गणित कशाला घेता? ते तुम्हाला जड जाईल. जीवशास्त्र घ्या, डॉक्टर व्हाल.” बापाने मान डोलावली. बारावीला मुलीस ७६ टक्के मिळाले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत मात्र क्रमांक दूर राहिला. तेव्हा मुलीने मनातली गोष्ट सांगितली, की तिला मुळात अभियांत्रिकीस जायचे होते.

“वकीलसाहेब,” गृहस्थ म्हणाले, “अभियांत्रिकीला आपल्याला ४० टक्के पुरतात असे नियमातच लिहिले आहे. माझ्या पोरीला ७६ आहेत. मग तिला नाकारतात कसे? दाव्याला काय खर्च येईल ते सांगा.”

त्यांना आम्हाला जे उत्तर द्यावे लागले ते देताना आमची जीभ जड झाली. दावा चालणार नव्हता. का चालणार नव्हता, हे प्रत्येक आईबापांनी समजून घेतले पाहिजे.

प्रवेशाच्या पात्रतेचे दोन भाग असतात. पहिला भाग विषयांचा, दुसरा गुणांचा. महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदवीच्या प्रवेशासाठी बारावीस भौतिकशास्त्र व गणित हे दोन विषय अनिवार्य आहेत; त्यांच्या जोडीस रसायनशास्त्र, जीवशास्त्र अशा नियमांत सांगितलेल्या विषयांपैकी एक चालतो. हा झाला पहिला भाग. या विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण हवेत, आणि राज्यातील मागासवर्गीय उमेदवारास ४० टक्के पुरतात, हा झाला दुसरा. सवलत आहे ती दुसऱ्या भागात. पहिल्या भागात ती कोणासही नाही. ज्या विषयाचे गुणच नाहीत त्या गुणांत सूट कशातून द्यावयाची? आणि पात्रतेची अट केवळ कणव येऊन न्यायालय शिथिल करीत नाही.

हा हक्क आमच्या पदरात आपोआप पडलेला नाही. शैक्षणिक प्रवेशात मागासवर्गीयांसाठी विशेष तरतूद करता यावी म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे उपकलम घातले गेले. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या आमच्या समाजास अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० सालच्या कायद्यापर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, थांबावे लागले. चौतीस वर्षांच्या खटपटीने मिळालेला हक्क खिडकीपाशी दहा मिनिटांत निरुपयोगी व्हावा, यासारखी हळहळ लावणारी दुसरी गोष्ट नाही. राखीव जागा दाराशी उभी असते आणि आमची मुलगी त्या दाराशी जाऊच शकत नाही.

गणित कोठे लागते, हे आता सांगतो. वास्तुशास्त्राच्या पदवीस गणित लागते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्याशास्त्राची पदवी घ्यावयाची तर बारावीस गणित व इंग्रजी हवे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नौदल वा हवाईदल यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. भूदलास ही विषयांची अट नाही, परंतु लेखी परीक्षेत गणिताची ३०० गुणांची प्रश्नपत्रिका सर्वांनाच द्यावी लागते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचे तर बारावीस गणित असावे लागते. ज्या अर्थशास्त्रात बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळविली, त्याच शास्त्राच्या दारावर आज गणिताचा पहारा आहे, हे कला शाखेकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांनी विसरू नये. आपल्या राज्यात कला शाखेतही गणित व संख्याशास्त्र हा विषय घेता येतो. वाणिज्य शाखेसाठी त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तो घ्यावयाचा की टाळावयाचा हे ठरविण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे, की सनदी लेखापालाच्या पहिल्याच परीक्षेत गणित व संख्याशास्त्र यांची प्रश्नपत्रिका आहे.

जेथे गणित लागत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. वैद्यकास जीवशास्त्र लागते, गणित नाही. औषधनिर्माणशास्त्रास गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. कायद्यास गणिताची गरज नाही. प्रस्तुत लेखकाने अकरावीत गणित सोडले होते आणि वकिलीत त्याचे काही अडले नाही. तेव्हा प्रत्येक मुलाने गणित घेतलेच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. सोडावयाचे तर डोळे उघडे ठेवून सोडावे, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्याचे मन अद्याप ठरलेले नाही त्याने विज्ञान शाखेत गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावीत. ओझे वाढते हे खरे, परंतु पंधरा वर्षांच्या मुलास दोन वर्षे विचार करावयास मिळतात. सामायिक प्रवेश परीक्षा, जिला सर्वजण सीईटी म्हणतात, तीही दोन्ही गटांची देता येते. तिच्या गणित गटात एकूण २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, हेही लक्षात असू द्यावे.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहावयास हवे. ती म्हणजे सवलतीच्या रूपाने येणारे कुलूप. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या, एक सोपी आणि एक नेहमीची. अभ्यासक्रम दोन्हींस एकच. परंतु मूळ नियमाप्रमाणे सोपी पत्रिका देणाऱ्यास अकरावीत नेहमीचे गणित घेता येत नव्हते. पुढे मंडळाने यात ढिलाई दिली, तरी ती दरवर्षी मिळेलच असे धरून चालू नये. आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातही अशी तरतूद असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले, की गणितात वा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्यास पुढे जाऊ द्यावे. मात्र गणित-विज्ञानाचे पुढील शिक्षण त्याला घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. नापासाचा डाग पुसला जातो ही यातील दयेची बाजू होय. परंतु ज्या शाळेत वर्षभर गणिताचा शिक्षकच नसतो त्या शाळेतील मुलाच्या माथी हा शेरा बसणार, आणि अशा शाळा कोणत्या वस्त्यांत असतात हे आम्ही सांगावयास नको.

एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना बाबासाहेबांना संस्कृत शिकावयाचे होते. ते त्यांना शिकू दिले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली, आणि पुढे स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत हस्तगत केले. त्या काळी विषय नाकारणारा समोर दिसत होता. आज कोणी नाकारीत नाही. कोणी नुसते म्हणतो, “जड जाईल”, आणि आम्ही स्वतःच्या हाताने विषय खोडतो. मुलीच्या बाबतीत तर हे वाक्य बाहेरच्या माणसाने उच्चारावेही लागत नाही, ते घरातच उच्चारले जाते.

यास्तव आमची काही निश्चित विनंती आहे. अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी मुलाशी वा मुलीशी बसून बोला आणि तिला काय व्हावयाचे आहे ते तिच्या तोंडून ऐका. त्या शिक्षणाच्या प्रवेश-नियमांतील पात्रतेचे पान छापून आणा आणि त्यातील विषय मोठ्याने वाचा; टक्केवारी नंतर वाचा. प्रवेश निश्चित झाल्यावर विषयांची नोंद तपासा आणि चूक असल्यास तत्काळ लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ज्या गावातील विहारात अभ्यासिका आहे तेथे आमच्या अभियंते व शिक्षक बांधवांनी आठवड्यातून दोन संध्याकाळ नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवावे. खाजगी शिकवणीची फी ज्यांना परवडत नाही त्यांच्या भीतीवर याहून चांगले औषध नाही.

ज्यांच्या हातून चूक झाली आहे त्यांनी हताश होऊ नये. दहावीच्या आधारे तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेता येते आणि तीनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावीचा एखादा सुटा विषयही देता येतो. मात्र ज्या अभ्यासक्रमास जायचे त्याच्या नियमांत ते चालते का, हे आधी पाहावे. त्या गृहस्थांच्या मुलीने पदविकेचा मार्ग धरला आहे. ती पोहोचेल, याविषयी आम्हाला शंका नाही. पण जे अंतर तिच्या वर्गातील इतर मुलींनी चालून संपविले ते तिला आता पुन्हा पहिल्या पावलापासून चालावे लागत आहे, आणि वडिलांची ती जाड फाईल त्यातील एक पाऊलही कमी करू शकलेली नाही.