दुसऱ्याच्या कोडवर लिहिणारे

तर झालं असं की, परवा कंपनीच्या बसमध्ये मी पुस्तकात डोकं खुपसून बसलो होतो. चाकणहून सुटलेली बस मोशीच्या अलीकडे नेहमीसारखी ठप्प. (संध्याकाळचा नाशिक रोड ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत.) शेजारी आमच्या प्लँटमधले एक सिनियर बसले होते. मुखपृष्ठावरचं 'स्टार ट्रेक' वाचून म्हणाले, "अरे, हे टीव्हीवरचं ना? मग पुस्तक कशाला? त्यापेक्षा खऱ्या कादंबऱ्या वाच की."

खऱ्या! तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना, म्हणून हा शनिवारचा लेख.

मालिका संपल्यावर, हक्कदारांची रीतसर परवानगी घेऊन, तीच पात्रं आणि तेच जग पुढे नेणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल मी बोलतोय. त्यात बरीचशी रद्दी आहे, एकदम मान्य. पण याच कारणासाठी अख्खा प्रकारच 'उसना' ठरवायचा असेल तर जरा थांबा. 'मृत्युंजय'मधला कर्ण शिवाजी सावंतांनी जन्माला घातलेला नव्हता. ययातीही खांडेकरांच्या आधीपासून महाभारतात होता, आणि त्या कादंबरीला ज्ञानपीठ मिळालं. म्हणजे व्यासांचं जग पुढे नेलं तर साहित्य, आणि टीव्हीवरचं नेलं तर टाइमपास? हा न्याय मला तरी कळत नाही.

आता यातली खरी गोम सांगतो. मालिका चालू असताना असं पुस्तक लिहिणाऱ्याचे हात बांधलेले असतात. पुस्तकात काहीही घडो, शेवटच्या पानावर सगळं जिथल्या तिथे ठेवावं लागतं, कारण पुढच्या आठवड्यात टीव्हीवर तीच माणसं तशीच दिसायला हवीत. कोणी मरायचं नाही, कोणी बदलायचं नाही. आणि वर मजकूर हक्कदारांकडून मंजूर करून घ्यायचा. आम्ही याला चेंज रिक्वेस्ट म्हणतो :)

'डीप स्पेस नाइन' ही स्टार ट्रेकची मालिका 1999 साली संपली, आणि 2001 पासून एस. डी. पेरीच्या 'अवतार'ने तिचं कथानक कादंबऱ्यांत पुढे सुरू झालं. आता जपायला पुढचा भागच नव्हता! लेखक मोकळे झाले. पात्रांना बढत्या मिळाल्या, घरं झाली, काही मेलीसुद्धा. वेगवेगळ्या लेखकांनी एकमेकांचं लिहिलेलं सांभाळत ही वीट वीस वर्षं रचली.

'डॉक्टर हू'चं तर विचारूच नका. बीबीसीने 1989 साली मालिका थांबवली. 1991 ते 1997 या काळात व्हर्जिन प्रकाशनाने डॉक्टरच्या साठेक नव्या कादंबऱ्या काढल्या. त्यातली 1996ची 'डॅमेज्ड गुड्स' लिहिली रसेल टी. डेव्हिसने. 2005 साली मालिका पुन्हा उभी केली ती याच माणसाने. पॉल कॉर्नेलची 1995ची 'ह्यूमन नेचर' ही कादंबरी तर 2007 मध्ये त्याच मालिकेचे दोन भाग होऊन टीव्हीवर परत आली. सांगा आता, टाइमपास कोण करत होतं?

आपल्याकडे वाहतूक एकेरी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकातून 1987 साली दूरदर्शनवर आला. 2017च्या सिनेमात तो चक्क मोठा होऊन आला, आणि आपण सगळ्यांनी तो आनंदाने पाहिला. म्हणजे पडद्यावर पुढे नेलेलं चालतं. टीव्हीवरून पुस्तकात मात्र काही उतरत नाही. केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' 1998 साली दूरदर्शनवर लागला तेव्हा मी जेमतेम रांगत होतो, नंतर यूट्यूबवर पाहिला. दहावीच्या सुट्टीत त्याच्या पुढच्या मोहिमा मी दोनशेपानी वहीत मराठीतून लिहिल्या होत्या. मराठीच्या मास्तरांना दाखवल्या, तर म्हणाले, "स्वतःचं काहीतरी लिही." वही रद्दीत गेली. असो.

हे सगळं मला इतकं का लागतं? कारण माझी नोकरी हीच आहे. मी सपोर्टला आहे. लाइनवर लेबल छापणारा एक प्रोग्राम, व्हिज्युअल बेसिक सिक्समधला, मी येण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी लिहिलेला. ज्याने लिहिला त्याची फक्त आद्याक्षरं कॉमेंटमध्ये उरलेली. त्याने तसं का लिहिलं असेल ते ओळखायचं, त्याच्या पद्धतीला धक्का न लावता आपलं घालायचं, आणि लाइन थांबू द्यायची नाही. तीन वर्षं केलं. अप्रेझलमध्ये प्रश्न काय? "यात तू स्वतःचं नवीन काय केलंस?" तेच ते मास्तर!

मागच्या वर्षी तो प्रोग्राम एका रविवारी बंद केला. मी चाळीस पानांचं हँडओव्हर लिहिलं होतं. फाइल कोणी उघडलेलीसुद्धा नाही.

बसमध्ये माझ्या हातात होतं 'कोडा' या त्रयीतलं शेवटचं पुस्तक, डेव्हिड मॅकचं. 2020 साली 'पिकार्ड' ही नवी मालिका आली आणि कादंबऱ्यांमधली ती वीस वर्षं एका फटक्यात खोटी ठरली. गुपचूप सोडून देता आली असती. पण डेटन वॉर्ड, जेम्स स्वॉलो आणि मॅक या तिघांनी 2021 साली तीन कादंबऱ्या लिहून ते जग स्वतःच्या हाताने, नीट, शेवटपर्यंत नेऊन बंद केलं. वाचकाला सांगून.

सरांना हे सगळं बसमध्ये सांगता आलं नाही. मोशी सुटेपर्यंत ते झोपले होते.