ठेव परत मिळेपर्यंत

आर्थिक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र न्यायालये नेमण्यामागे अशी अपेक्षा असते की, हिशेबाची गुंतागुंत उलगडू शकणारा न्यायाधीश आणि केवळ त्याच कामासाठी राखलेला वेळ उपलब्ध झाला, तर खटले लवकर निकाली निघतील. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास वाचकांच्या हाती पडणाऱ्या या अंकाच्या आरंभी त्या अपेक्षेची पडताळणी करणे उचित आहे, कारण दिवाळीचा बोनस जादा व्याजाच्या आशेने ठेवीत गुंतवणारी कुटुंबेच अशा गुन्ह्यांत सर्वाधिक होरपळतात.

रोखे घोटाळा उघडकीस आल्यावर केंद्र सरकारने ६ जून १९९२ रोजी अध्यादेश काढला आणि त्यातून मुंबईचे विशेष न्यायालय उभे राहिले. तेथे उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीश बसतो आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाते, म्हणजे मधली पायरी कायद्यानेच वगळली होती. तरीही मारुती उद्योगाच्या पैशांच्या प्रकरणात हर्षद मेहताला शिक्षा होण्यास सप्टेंबर १९९९ उजाडला, ३१ डिसेंबर २००१ रोजी कोठडीत असतानाच त्याचा मृत्यू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २००३ मध्ये लागला. शिक्षेइतकाच महत्त्वाचा प्रश्न पैशांचा होता. ज्या व्यक्तीचे नाव अधिसूचित होई तिची सर्व मालमत्ता जप्त होऊन अभिरक्षकाकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या सांभाळ करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जात असे; मात्र तिच्यातून आधी सरकारी कर, मग बँका व वित्तीय संस्थांची देणी आणि अखेरीस इतर घेणेकरी असा क्रम कायद्याने ठरवला होता. करांच्या त्या अग्रक्रमात दंड आणि व्याजही धरायचे काय, हा वाद १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तोवर सर्वात मागच्या घेणेकऱ्याला थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा, ज्याला वकील आणि पोलीस ‘एमपीआयडी’ म्हणतात, या बाबतीत अधिक न्याय्य आहे, कारण त्यात जप्त मालमत्तेच्या विक्रीचे पैसे ठेवीदारांमध्येच प्रमाणशीर वाटायचे असतात. प्रत्यक्षात मात्र २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची वैधता मान्य करेपर्यंत २०१२ उजाडले. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवरील सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी २०१३ मध्ये थकली; तो एक्स्चेंज या कायद्याच्या अर्थाने ‘वित्तीय संस्था’ ठरतो की नाही, एवढेच निश्चित होण्यास एप्रिल २०२२ यावा लागला.

ठेवीदाराच्या बाजूने पाहिल्यास विलंबाचे खरे ठिकाण दिसते. मूळ ठेवपावती आणि बँकेचे खातेउतारे फाईलमध्ये लावून तो आर्थिक गुन्हे शाखेत जबाब नोंदवतो. मग शासन राजपत्रात जप्तीची अधिसूचना काढते, आणि सक्षम प्राधिकारी, म्हणजे उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी, ती जप्ती कायम करण्यासाठी न्यायालयात अर्ज करतो. जप्त केलेल्या एखाद्या सदनिकेवर बँकेचे गहाणखत निघते, जमिनीच्या सातबाऱ्यावर आरोपीच्या भावाचे नाव असते, आणि प्रत्येक हरकतीची स्वतंत्र सुनावणी होते. न्यायाधीश कितीही तत्पर असला तरी हा अधिकारी इतर महसुली कामांतून वेळ काढून अर्ज करत असेल, तर न्यायालयाच्या नावापुढील ‘विशेष’ या शब्दाने ठेवीदाराच्या पदरात काहीच पडत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे १९९९ मध्येच स्थापन झालेल्या अशा न्यायालयात सरकारी वकील तपासाच्या पहिल्या टप्प्यापासून तपास अधिकाऱ्यांसोबत काम करतात, त्यामुळे तेथील दोषसिद्धीचे प्रमाण नावाजले गेले. कोणते खटले न्यायालयापुढे न्यायचे याची निवड आणि गुन्ह्याची कबुली यांचाही त्यात वाटा असतो, हे ध्यानात घ्यावेच लागते. त्या रचनेतून महाराष्ट्राने घेण्यासारखा भाग सहकार्याचा आहे, टक्केवारीचा नव्हे. ‘एमपीआयडी’खाली नियुक्त केलेल्या प्रत्येक न्यायालयाला पूर्णवेळ सक्षम प्राधिकारी आणि न्यायवैद्यक लेखापाल मिळावा, आणि किती मालमत्ता जप्त झाली, किती विकली गेली आणि ठेवीदारांच्या खात्यांत प्रत्यक्ष किती रुपये जमा झाले, याचे विवरण शासनाने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावे, अशी मागणी या अंकाच्या वतीने करण्यात येत आहे.