ठेवीचा विमा वाढणार म्हणे. पण तुमच्या पावतीला तो लागू आहे का?

बँकेतल्या ठेवीवरचा विमा पाच लाखांवरून वाढवायचा विचार सुरू आहे, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सचिवांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्याच्या चारच दिवस आधी मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले होते. तेव्हापासून मर्यादा कितीवर जाणार याची चर्चा आहे. खेड्यातल्या ठेवीदाराचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असायला हवा: आपला पैसा मुळात विम्याखाली आहे का?

हा विमा डीआयसीजीसी हे महामंडळ देतं. २०२० पर्यंत मर्यादा एक लाख होती. पीएमसी बँकेच्या ठेवीदारांचे हाल झाल्यावर ती पाच लाख झाली. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि रिझर्व्ह बँकेने पैसे काढायला बंदी घातली तर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. सरकारी, खासगी, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती या सगळ्या बँका यात येतात.

पतसंस्था मात्र यात येत नाहीत. गावची विकास सोसायटी, मल्टिस्टेट सोसायटी आणि निधी कंपनीही नाही. जळगावच्या बीएचआर आणि बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार याच कारणाने उघड्यावर पडले. त्यांच्यासाठी ९० दिवसांची तरतूद नव्हती. उरली ती पोलीस ठाण्याची आणि कोर्टाची वाट.

मग लोक तिथे पैसे ठेवतात कशाला? कारण साधं आहे. पिग्मीवाला रोज दुकानात येतो, कर्जाला कागद कमी लागतात, व्याज चार आणे जास्त मिळतं आणि संचालक ओळखीचा असतो. नीट चालणाऱ्या पतसंस्थाही भरपूर आहेत. पण ओळख म्हणजे हमी नव्हे.

म्हणजे मर्यादा वाढली तर फायदा कुणाला? ज्याचे एकाच बँकेत पाच लाखांच्या वर आहेत त्याला. समजा रस्त्यात जमीन गेली आणि मोबदला बँकेत ठेवला. सोयाबीन विकून पतसंस्थेत दीड लाख ठेवणाऱ्याला शून्य. पाचाचे दहा झाले काय नि पंधरा झाले काय, त्याच्या पावतीला काही फरक पडत नाही.

पतसंस्थांना विमा देणं फार महाग आहे का? बँकांसाठी २०२० पासून लागू झालेला दर १०० रुपयांमागे वर्षाला १२ पैसे. हा हप्ता बँक भरते, ठेवीदार नाही. त्याच दराने दहा कोटींच्या ठेवी असलेल्या पतसंस्थेला वर्षाला १ लाख २० हजार पडतील. खरी अडचण पैशाची नाही, तपासणीची आहे. विमा देणारा आधी दप्तर बघणार. बँकांवर रिझर्व्ह बँकेची नजर असते, तर पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडे असतात. कडक तपासणी मान्य केल्याशिवाय विमा मिळणार नाही, आणि ती नको असलेले संचालकच विम्याची मागणी रेटत नाहीत. म्हणून ही मागणी ठेवीदारांनीच आमदार-खासदारांकडे लावून धरायला पाहिजे.

तोवर तीन गोष्टी बघा. पावतीवर ‘सहकारी बँक’ लिहिलंय की ‘पतसंस्था’, ‘क्रेडिट सोसायटी’, ते वाचा. फलकावर भुलू नका. परवाना नसताना नावात ‘बँक’ लावणाऱ्या सोसायट्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सावध केलं होतं. दुसरं, डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, त्यात नाव शोधा. तिसरं, पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच हिशेब होतो. दोन शाखांत पैसे वाटून उपयोग नाही, दोन बँकांत वाटा.

जास्तीचं एक-दोन टक्का व्याज हे बऱ्याचदा जोखमीचं भाडं असतं. ते घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण लेकीच्या लग्नाचे आणि म्हाताऱ्यांच्या औषधाचे पैसे त्यात नकोत.